बॅटरी ड्रिलच्या तळाशी बिट ठेवण्याची घरगुती सोय : प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

होळीच्या आगेमागे नागपुरात घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरू लागतात, आणि ते खिडकीत बसवताना एकाच बैठकीत तीन-चार प्रकारचे बिट (ड्रिलच्या तोंडात बसवायची बदलती टोके) हाताशी लागतात. ताट्यांच्या (कूलरच्या बाजूंना लागणाऱ्या गवती पडद्यांच्या) चौकटीसाठी दोन नंबरचा प्लस बिट, स्टँडच्या षटकोनी डोक्याच्या स्क्रूसाठी ८ मि.मी.चा नट ड्रायव्हर, पत्र्याला आधी भोक पाडण्यासाठी ३ मि.मी.चा हायस्पीडचा ड्रिल बिट, आणि भिंतीत गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) बसवायची असेल तर ६ मि.मी.चा काँक्रीटचा बिट. शिडीवर उभे असताना हे सर्व खिशात चाचपडून शोधणे किंवा दातांत धरून ठेवणे ही सर्वांच्या अंगवळणी पडलेली, पण कोणालाही न आवडणारी रीत आहे. हे बिट ड्रिल मशीनच्याच अंगावर कसे बसवता येतील, एवढाच या नोंदींचा विषय आहे.

मशीन १८ व्होल्टचे, १३ मि.मी. चकचे (बिट पकडणाऱ्या जबड्याचे) आणि ब्रशलेस मोटारीचे आहे. त्याच्या तळाच्या पुढच्या भागात कारखान्यातूनच एक खाच दिलेली असून तीत एक दुतोंडी बिट राहतो. परंतु ती सैल आहे, आणि मशीन उलटे धरले की बिट आधी जमिनीवर येतो. नव्या सोयीसाठी काही अटी ठरवून घेतल्या. एका हाताने बिट निघावा व परत ठेवता यावा. मशीन छताकडे तोंड करून धरले तरी बिट पडू नये. बॅटरी सोडवण्याचे बटण, हवेच्या झडपा आणि उजेडाचा दिवा यांपैकी काहीही झाकले जाऊ नये. आणि मशीन बॅटरीवर उभे ठेवता येते, ती सवलत जाऊ नये. या शेवटच्या अटीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, परंतु शिडीच्या पायरीवर मशीन क्षणभर उभे ठेवायचे असते तेव्हा तिचे महत्त्व कळते.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज मशीनच्या बाह्यांगाची नीट पाहणी केली. मुख्य कवच काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे आहे आणि मुठीवर रबरासारखे मऊ आवरण आहे. मऊ आवरणावर कोणताही गोंद भरवशाने धरत नाही, म्हणून चिकटवण्याचे सर्व उपाय तिथे बाद ठरतात. कवचाला नवे भोक पाडून स्क्रू मारण्याचा मार्ग तर विचारातच घेतला नाही, कारण त्या भिंतीच्या आत बॅटरीचे संपर्क, स्विचच्या तारा आणि ब्रशलेस मोटार चालवणारे सर्किट असते. बाहेरून ते दिसत नाही आणि भोक थोडे जास्त खोल गेले तर मशीनच निकामी होते.

सुदैवाने तळाच्या दोन्ही अंगांना बेल्टचा हूक बसवण्यासाठी एम-४ आट्यांचे (४ मि.मी. जाड स्क्रूचे) पितळी इन्सर्ट, म्हणजे आटे पाडलेल्या नळ्या, कवचात आधीपासून बसवलेले आहेत. हूक मी कधी वापरत नाही. इन्सर्टभोवती २ मि.मी. खोलीची एक लांबट खाच असून हूकची जीभ तिच्यात अडकते. एकाच स्क्रूवर बसवलेला हूक गोल फिरत नाही, तो या खाचेमुळेच. अर्थात जे काही बनवायचे, त्याच्या पाठीला अशीच जीभ असायला हवी.

हूकचा पत्रा २ मि.मी. जाड आणि त्याचा स्क्रू १० मि.मी. लांब आहे, म्हणजे आत ८ मि.मी. आटे धरतात. नव्या वस्तूची स्क्रूखालची जाडी जितकी वाढेल तितकाच स्क्रू लांब घ्यावा, त्याहून अधिक नाही. लांब स्क्रू आत तळाला टेकला की तो इन्सर्टला कवचातून बाहेर ढकलू लागतो, आणि एकदा इन्सर्ट सैल झाला की घरच्या साधनांनी तो पुन्हा पक्का करणे अवघड असते.

३ मार्च २०२४, रविवार

पहिली चाचणी सर्वांत स्वस्त वस्तूची, म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची. ट्यूबची दोन बोटे रुंदीची कडी कापून तळाभोवती ताणून चढवली आणि तिच्याखाली बिट खोचले. पकड उत्तम आहे, मशीन कसेही हलवले तरी बिट जागचा सरकत नाही. तीच पकड काढताना आड येते, कारण षटकोनी दांड्याच्या कडा रबरात रुततात आणि बिट ओढला की कडे त्याच्याबरोबर वर येते, म्हणून दुसऱ्या हाताने ते दाबून धरावे लागते. शिवाय कड्याचा खालचा काठ बॅटरीच्या बटणावर चढतो. आखूड बिटांसाठी हा उपाय सोडून दिला. १०० मि.मी. लांबीच्या काँक्रीटच्या बिटासाठी मात्र तो राखून ठेवला आहे. तो बिट वारंवार लागत नाही, आणि लागतो तेव्हा दोन्ही हात मोकळे असतात.

१० मार्च २०२४, रविवार

आज चुंबकाची पाळी. बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क भंगारात मिळते. तिचे झाकण टॉर्क्सच्या (चांदणीसारख्या खाचेच्या) बारीक स्क्रूंनी बसवलेले असते आणि आत वाचकदांडा हलवणाऱ्या गुंडाळीच्या वर-खाली निओडिमियमचे दोन चपटे, वाकड्या आकाराचे चुंबक असतात. ते पोलादी पट्टीला चिकटवलेले असतात. पट्टीपासून छिन्नीने सोडवायला गेल्यास त्यांचे तुकडे उडतात, कारण हा चुंबक भुकटी दाबून व भाजून केलेला असतो आणि फरशीच्या तुकड्याइतका ठिसूळ असतो. त्याला पट्टीसकट वापरणे हेच शहाणपणाचे आहे. पट्टीचा आणखी एक लाभ असा की मागच्या बाजूचे चुंबकीय क्षेत्र तिच्यातून वळून परत पुढे येते, त्यामुळे पकड वाढते आणि मागे असलेल्या वस्तूंवर परिणाम कमी होतो.

पट्टी हूकच्या जागी बसवून तिच्यावर चार बिट आडवे लावले. बिट काढायला सोपे, लावायला त्याहून सोपे आणि दिसायलाही देखणे. मात्र मदतीला येणाऱ्या आयटीआयच्या मुलाने मशीन हातात घेऊन तळावर एक चापट मारली आणि तीन बिट खाली पाडून दाखवले. तो म्हणाला, "काकाजी, सरळ ओढलं तर नाही निघत, पण सरकवलं की लगेच निघते न." त्याने बोट नेमके वर्मावर ठेवले होते. सामानाचे वजन करण्याच्या लटकत्या काट्याला दोरा बांधून तपासले, तेव्हा बिट पृष्ठभागावरून सरकवण्यास लागणारा जोर सरळ उचलण्यास लागणाऱ्या जोराच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका भरला. कारण उघड आहे: सरळ ओढताना चुंबकाची पूर्ण शक्ती विरोध करते, सरकवताना मात्र फक्त घर्षण आड येते, आणि निकेलच्या गुळगुळीत थरावर पोलादाचे घर्षण अल्प असते. मशीन आपटते, हिसका बसतो, हॅमर (ठोके देत भोक पाडण्याची सोय) चालू असताना थरथरते. हे सर्व धक्के आडवे असतात. ज्या दिशेला चुंबक सर्वांत दुबळा, त्याच दिशेला कामाचा सगळा मार बसतो.

१७ मार्च २०२४, रविवार

चुंबकाची पट्टी आठवडाभर तशीच वापरात ठेवली, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. स्टँडच्या लोखंडी पट्टीला भोके पाडली की उडालेला कीस चुंबकावर दाढीसारखा उभा राहतो. तो बिटाच्या दांड्यालाही लागतो आणि तसाच बिट चकमध्ये गेला की जबड्यांच्या फटीत शिरतो. कपड्याने पुसून तो निघत नाही, जागा बदलतो इतकेच. पॅकिंगची चिकटपट्टी दाबून ओढली असता बराचसा निघतो. सांगायचे हे की उघडा चुंबक लाकडाच्या कामात चालतो, परंतु लोखंडाच्या कामात चालत नाही. आणि कूलरचे काम म्हणजे मुख्यतः पत्रा आणि लोखंडच.

यावरून रचना ठरली. आडवे धक्के छिद्राच्या भिंतीने झेलावेत आणि चुंबकाकडे फक्त सरळ ओढ अडवण्याचे काम राहावे, कारण तेच काम त्याला उत्तम जमते. म्हणजे ठोकळ्यात खोल छिद्रे आणि प्रत्येक छिद्राच्या बुडाशी एक लहान चुंबक. आखूड बिटाच्या कडांवर ज्या खाचा असतात त्यांत स्प्रिंगची तार अडकवण्याचाही विचार केला होता. बिट होल्डरमधले कडे त्याच पद्धतीने पकडते. पण तशा खाचा ड्रिल बिटाच्या किंवा नट ड्रायव्हरच्या दांड्यावर नसतात, त्यांच्या दांड्यावर गोल चर असतो आणि तो वेगळ्या उंचीवर येतो. एकाच ठोकळ्यात दोन्ही सांभाळण्यापेक्षा चुंबक बरा.

३१ मार्च २०२४, रविवार

ठोकळ्यासाठी स्वयंपाकघरातील भाजी चिरण्याचा पांढरा एचडीपीईचा (एका चिवट प्लास्टिकचा) पाट घेतला, जाडी १५ मि.मी. हा पदार्थ हॅकसॉने सहज कापला जातो, कानशीने घासता येतो, आपटला तरी तडकत नाही आणि तेलाने खराब होत नाही. लाकूडही चालले असते, परंतु पावसाळ्यात ते फुगून छिद्रांचे माप बदलते.

छिद्राच्या मापाचा हिशेब लिहून ठेवतो, कारण इथे अंदाज चालत नाही. बिटाचा दांडा पाव इंची, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये ६.३५ मि.मी. असतो, पण गोल छिद्रात तो कोपऱ्यांवर बसतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर ७.३३ मि.मी. भरते. ७ मि.मी.च्या छिद्रात तो ठोकूनच बसवावा लागेल आणि ८ मि.मी.च्या छिद्रात खुळखुळेल. इतवारीतल्या लोहा ओळीतून ७.५ मि.मी.चा ड्रिल बिट आणला. एचडीपीईमध्ये पाडलेले छिद्र बिट बाहेर काढल्यावर किंचित आकसते, त्यामुळे ७.५ मि.मी.चे छिद्र हाताला अगदी हवे तसे लागते: बिट आपल्या वजनाने आत जातो, पण डुलत नाही. गती मंद ठेवून आणि बिट वारंवार बाहेर काढून भोके पाडली. जोरात पाडल्यास प्लास्टिक वितळून भोवऱ्यांत गुंडाळले जाते आणि छिद्राची आतली बाजू खडबडीत होते.

ड्रिल बिटाचे टोक ११८ अंशांचे असते आणि ते छिद्राच्या बुडाशी शंकू सोडते. ७.५ मि.मी. व्यासाला या शंकूची खोली सव्वादोन मि.मी. होते. बिटाचे सपाट बूड शंकूच्या काठावरच टेकले तर चुंबक आणि पोलाद यांच्यात तेवढीच पोकळी राहील, आणि एवढ्या लहान चुंबकाची पकड दोन मि.मी. अंतरावर फारच घटते. म्हणून नेहमीच्या बिटाने छिद्र बहुतांश पाडून घेतले आणि शेवटची खोली एका बोथट झालेल्या जुन्या बिटाने गाठली. या बिटाचे टोक मी ग्राइंडरवर सपाट घासले होते, फक्त धारेमागे थोडा उतार ठेवला होता. बूड चांगले सपाट आले.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळचे सर्व आटोपल्यावर ठोकळा पूर्ण केला. रुंदी ५० मि.मी., उंची २० मि.मी. चार छिद्रे वरून १६ मि.मी. खोल, मधल्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन. खालून प्रत्येक छिद्राच्या समोर ६ मि.मी. व्यासाचा आणि ३ मि.मी. जाडीचा चुंबक दाबून बसवला आहे. चुंबक आणि वरचे छिद्र यांच्यामध्ये अर्ध्या मि.मी.चा प्लास्टिकचा पडदा मुद्दाम राखला. त्यामुळे पकड थोडी घटते, परंतु बिट टाकताना ठिसूळ चुंबकावर पोलाद आदळत नाही आणि कीस आत गेलाच तरी तो चुंबकाला थेट चिकटत नाही.

एचडीपीईला फेविक्विक धरत नाही, एम-सीलही धरत नाही. सुकल्यावर दोन्ही नखाने उचकटून निघतात. म्हणून चुंबक गोंदावर न ठेवता भोक किंचित तंग ठेवून दाबून बसवले आणि खालून जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याची पट्टी दोन बारीक स्क्रूंनी लावली. पत्रा लोखंडी असल्यामुळे चुंबक त्याला स्वतःच धरून राहतात, आणि शेजारशेजारचे चुंबक उलटसुलट ध्रुव करून बसवले तर क्षेत्र पत्र्यातून एकाकडून दुसऱ्याकडे वळते. ध्रुव ओळखण्यासाठी चुंबकांच्या ढिगातून एकेक उचलून वरच्या बाजूस मार्करने ठिपका दिला की गोंधळ होत नाही.

पाठीची जीभ सोडून बाकीचा पृष्ठभाग २ मि.मी. घासून खाली आणला. जीभ खाचेत घट्ट बसेपर्यंत कानशीचे दोन-दोन हात देऊन पुन्हा लावून पाहावे लागले; हा भाग घाईने होत नाही. समोरून स्क्रूच्या डोक्यासाठी ३ मि.मी. खळगा केला, त्यामुळे स्क्रूखालची जाडी जिभेसकट १२ मि.मी. उरली आणि २० मि.मी. लांबीचा एम-४ स्क्रू आत नेमका ८ मि.मी. जातो. ठोकळा बोटाने फिरवून पाहिला, जागचा हलत नाही.

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज मनीषनगरातील एका सोसायटीत कूलर बसवण्याच्या कामावर ठोकळा प्रत्यक्ष वापरला. चकमध्ये ६० मि.मी. लांबीचा मॅग्नेटिक बिट होल्डर कायम ठेवतो. षटकोनी दांड्याच्या एक सोडून एक अशा तीन सपाट बाजूंवर चकचे तीन जबडे बसतात, त्यामुळे तो दांडा गोल दांड्यासारखा घसरून फिरत नाही. एक अपवाद ३ मि.मी.च्या ड्रिल बिटाचा: होल्डरमध्ये त्याला थोडी मोकळीक असते आणि टोक डुलते, म्हणून अचूक जागी भोक हवे असेल तर तो थेट चकमध्येच लावणे योग्य.

छिद्रांचा क्रम दोनदा बदलला. नट ड्रायव्हर लांब असतो आणि मुठीजवळच्या छिद्रात ठेवला तर बोटांच्या पेरांना लागतो, म्हणून त्याला सर्वांत पुढचे छिद्र दिले. प्लस बिट त्याच्या मागे, मग ड्रिल बिट. चौथ्या छिद्रात अधिकचा प्लस बिट ठेवण्याचा मोह झाला होता, परंतु ते मोकळे ठेवणेच सोयीचे ठरते. हातातला बिट कुठे ठेवावा हा प्रश्न न पडता तो मोकळ्या छिद्रात जातो आणि मग दुसरा उचलला जातो. बिट बदलताना खरी गैरसोय नवा बिट शोधण्याची नसून जुना ठेवायला जागा नसण्याची असते, आणि विकतच्या बिट पट्ट्यांमध्ये याचा विचार क्वचितच केलेला दिसतो.

चापटीची परीक्षा त्याच मुलाकडून पुन्हा करवून घेतली. बिट जागेवर राहिले. छताकडे तोंड करून हॅमरवर मशीन चालवले, तरीही राहिले.

एक खबरदारी नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी असे चुंबक त्या जागेपासून किमान १५ सें.मी. दूर ठेवावेत, असा सल्ला दिला जातो. शर्टाच्या वरच्या खिशात सुटे चुंबक टाकण्याची सवय म्हणूनच टाळावी.

२६ मे २०२४, रविवार

कालपासून नवतपा (उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस) लागला. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिक्कीत ठोकळा बिटांसह दुपारभर ठेवला. बॅटरी मात्र घरीच ठेवली, कारण लिथियम-आयन बॅटरीला ही भट्टी सोसवत नाही आणि सामान्यतः ४५ अंशांपलीकडे तिला चार्जही करू नये. तुलनेसाठी त्याच डिक्कीत दोन तुकडे ठेवले होते: एकावर फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने लावलेला चुंबक, दुसऱ्यावर ग्लू गनच्या गोंदाने लावलेला. दोन्हींवर चार-चार बिट लटकवले होते. संध्याकाळी चिकटपट्टीचा चुंबक बोटभर खाली घसरलेला आढळला, आणि ग्लू गनचा गोंद इतका मऊ झाला होता की चुंबक नुसत्या दाबाने कलंडला. दाबून बसवलेल्या आमच्या ठोकळ्यात काहीही सरकले नाही.

छिद्रे किंचित सैल वाटली, आणि तशी ती वाटायलाच हवीत. एचडीपीई पोलादाच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते. ३५ अंशांच्या वाढीत ७.५ मि.मी.चे छिद्र सुमारे चार शतांश मि.मी. मोठे होते. तेवढ्याने बिट पडत नाही, कारण उभी पकड चुंबकाची आहे. साध्या दर्जाचा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचा दुबळा होऊ लागतो. डिक्कीतला पारा तिथवर जात नाही.

२ जून २०२४, रविवार

डिक्कीतल्या तापमानाचा आकडा मागच्या नोंदीत मुद्दामच लिहिला नाही. ३० मे रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ते देशभर गाजले आणि मग हवामान खात्याने ती नोंद सदोष असल्याचे सांगितले. तिथे माझ्या शंभर रुपयांच्या तापमापकाचे काय घेऊन बसायचे! गोंद घसरला ही गोष्ट आकड्याशिवायही पुरेशी बोलकी आहे.

१६ जून २०२४, रविवार

कूलरची कामे ओसरून आता भिंतीवरच्या कामांना जोर आहे, आणि त्यामुळे तिसरी अडचण दिसून आली. भिंतीत भोके पाडताना उडणारी सिमेंट-वाळूची भुकटी छिद्रांच्या बुडाशी साचते आणि बिट आत ढकलल्यावर दाबून घट्ट होते. तिचा थर वाढेल तसा बिट वर येतो, चुंबकापासून लांब जातो आणि पकड हळूहळू सुटते. बाहेरून काही कळत नाही. फक्त बिट नेहमीपेक्षा थोडा उंच दिसतो. चुंबक कमजोर झाला अशी शंका येते, प्रत्यक्षात तो होता तसाच असतो.

उपाय म्हणून प्रत्येक छिद्राच्या बुडाशी समोरच्या बाजूने ४ मि.मी.ची एक खिडकी पाडली. बिट खाली दाबला की भुकटी तिच्यातून बाहेर पडते आणि उरलेली फुंकरीने जाते. याच खिडक्यांतून पावसाचे पाणीही निथळते. काळ्या लेपाचे बिट आता दमट हवेत गंजू लागतील, म्हणून दांड्यांना मशीन तेलाचा हात फिरवला. तेल अगदी पुसट असावे, नाहीतर भुकटी त्यालाच चिकटते.

३० जून २०२४, रविवार

मदतीला येणाऱ्या त्या मुलाच्या मशीनसाठी दुसरा ठोकळा केला. तो डावखुरा असल्यामुळे ठोकळा उजव्या अंगाला बसवला आणि छिद्रांचा क्रम पुढून मागे तोच ठेवला. त्याच्या मशीनची खाच दीड मि.मी.च खोल आहे आणि हूकच्या स्क्रूचे आटे आत ६ मि.मी.च धरतात. म्हणून जीभ दीड मि.मी.ची ठेवून स्क्रूखालची जाडी १० मि.मी. केली आणि १६ मि.मी.चा स्क्रू घेतला. खिडक्या या वेळी आधीच पाडून घेतल्या. काँक्रीटच्या बिटासाठी ट्यूबचे कडे त्याला नको आहे; तो म्हणतो, तो बिट कानावरच बरा.